आतड्यातले जिवाणू आणि माझं डोकं

मी लातूरला जीवशास्त्र शिकवतो. आधी ज्युनिअर कॉलेजात शिकवायचो, नंतर खासगी क्लासमध्ये आलो. पचनसंस्थेचा धडा आजवर किती वेळा शिकवला याची गणती नाही. त्यात मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मी दोन ओळी देत असे. एका मार्काचा प्रश्न, त्याला असा किती वेळ द्यायचा?

हे लिखाण त्या दोन ओळींबद्दल आहे. दारूने यकृत गेलेलं माणूस ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी लिहितोय. औषधांची माहिती डॉक्टरांना विचारा, मी काही डॉक्टर नाही. मी मूर्खपणा नेमका कुठे केला तेवढं सांगतो, म्हणजे निदान तोच मूर्खपणा तुम्ही करणार नाही.

निदान

पाय सुजले तेव्हा मी बूट बदलले. पोट पुढे आलं तेव्हा पँट बदलली. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा सुनंदा म्हणाली, "आता काय बदलता?"

सुनंदा माझी बायको. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. पोरांच्या तोंडाकडे बघून कोणी डबा खाल्ला नाही आणि कोणी गृहपाठ केला नाही हे ती ओळखते. माझ्याबद्दल तर तिला ओळखायलाही लागत नव्हतं, वासावरून कळायचं.

लातुरात दाखवायला मी तयार नव्हतो. इथल्या दवाखान्यात बाकावर बसलं की शेजारी यंदाच्या विद्यार्थ्याचा बाप असतो, समोर गेल्या वर्षीच्या विद्यार्थिनीची आई. सर दारूने आजारी आहेत ही बातमी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बॅचला पोचली असती. म्हणून नांदेड ठरवलं. तीन तासांचा प्रवास करून तिथे पोचलो, नंबर लागला, आत गेलो, आणि खुर्चीतली तरुण डॉक्टर उठून उभी राहिली. "सर! ओळखलं का? अर्चना. पहिल्या बाकावर बसायची."

मी ओळखलं. तिने सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचला आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. मग मान खाली घालून, कागदाकडे बघत तिने विचारलं, "कधीपासून घेता, सर?"

"भूकंपापासून," मी म्हणालो.

हे उत्तर मी पंचवीस वर्षं देत आलो होतो. किल्लारीकडे मदतीला गेलो होतो, पाऊस होता, ढिगारे उपसत होतो, तो वास सहन होईना, कोणीतरी बाटली पुढे केली आणि तिथून सुरू झालं. यातला शब्दन् शब्द खरा आहे. फक्त शेवटचा सोडून. ही गोष्ट ऐकली की काही जण माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. अर्चनानेही लिहायला घेतलं.

"खोटं हाय," सुनंदा म्हणाली. "भूकंपाच्या आदल्या रातीबी पिऊनच झोपले होते. जमीन हालली तरी उठले न्हाईत. मी सहा महिन्याच्या लेकीला घेऊन भाईर पळाले. तिला शेजारणीच्या हातात दिलं न् परत आत गेले ह्यांना उठवायला. भिंतीचं पोपडं पडून राहिलं होतं अंगावर."

हे मला माहीत होतं. माझ्या गोष्टीत मात्र ते कधीच नव्हतं. अर्चनाने लिहिलेलं खोडलं आणि त्या जागी वर्षांचा आकडा टाकला. मला लाज वाटली, आणि मोकळंही वाटलं. दोन्ही एकदमच.

सोडली ती

सोडली कशी, असं लोक विचारतात. त्यात सांगण्यासारखं पराक्रमाचं काही नाही. दवाखान्यात दाखल करून घेतलं होतं. घाम, थरथर, भिंतीवर मुंग्या दिसणं, सगळं झालं आणि गेलं. एक सांगतो, इतक्या वर्षांची सवय घरी एकट्याने एकदम तोडू नका, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या नजरेखाली सोडा.

घरी आलो तेव्हा पोटातलं पाणी उतरलं होतं आणि सोबत एक गोड, चिकट औषधाची बाटली होती. अर्चनाने बजावलं होतं, "सर, याने दिवसातून दोन-तीन वेळा पातळ व्हायला पाहिजे. तसं झालं तरच औषध लागू पडलं समजा. बंद करू नका."

आता क्लासमधलं काम कसं चालतं ते सांगायला हवं. एका हॉलमध्ये दोनशे चाळीस पोरं. दोन तासांचं लेक्चर, मधे सुट्टी नाही. कॉलरला माईक. स्टाफचं स्वच्छतागृह हॉलच्या मागच्या टोकाला, म्हणजे फळ्यापासून तिथवर जायचं तर सगळ्या बाकांमधून वरात काढायची. क्रॅश कोर्सच्या दिवसांत असे तीन तास एकामागे एक. मधेच उठून जाणारा मास्तर मी तरी लातुरात पाहिलेला नाही. पोरंसुद्धा जात नाहीत, गेली तर एक व्याख्या बुडते.

तेव्हा मी औषध निम्मं केलं. मग आणखी कमी केलं. रविवारी तेवढं पूर्ण घ्यायचो.

सुनंदा बाटलीची पातळी बघायची. पूर्वीही बघायची, वेगळ्या बाटलीची. तेव्हा मी पातळी कमी दिसू नये म्हणून पाणी घालत असे. आता कमी दिसावी म्हणून रोज दोन झाकणं बेसिनमध्ये ओतायला लागलो. हात तोच, सराव जुना. दारू सोडून आठ महिने झाले होते आणि मी स्वतःवर भलताच खूश होतो.

तो तास

त्या दिवसातलं मला एकच आठवतं. तास फार छान चालला होता.

बाकीचं इतरांनी सांगितलं. आधीचे चार दिवस मी रात्री जागा आणि दुपारी पेंगलेला असायचो. पोट साफ नव्हतं. डबा उलटा उघडला, सदऱ्याची बटणं वरखाली लावली. स्टाफरूममध्ये त्यावर थोडी चेष्टा झाली आणि विषय संपला.

त्या दिवशी मी फळ्यावर एकच वाक्य चार वेळा लिहिलं. मग काहीतरी तोंडी सांगायला लागलो. मग माईक काढून खिशात घातला आणि बोलत राहिलो. पाऊण तासाने मागे बसलेल्या एका सरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी संचालकांना बोलावलं. संचालकांनी माझ्या दंडाला धरून मला बाहेर आणलं. सगळ्यांना वाटलं, सरांनी पुन्हा घेतली. वाटणारच.

गाडीतून घरी पाठवलं. सुनंदाने दार उघडलं, माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि वास घेतला. वास नव्हता. नंतर ती म्हणाली, "दारूचा वास आला असता तर मी झोपू दिलं असतं तुम्हाला. न्हाई आला म्हनून गाडीवाल्याला थांबवून धरलं."

तिने अर्चनाला फोन लावला आणि त्याच गाडीने मला नांदेडला नेलं. वाटेत लोहा लागतं, ते माझं गाव. तिथे मी म्हणे ड्रायव्हरला सांगत होतो की थांबव, माझा पेपर आहे आणि मला उशीर झालाय.

वॉर्डातला हिशेब

शुद्धीवर आलो तेव्हा अर्चना माझे दोन्ही हात समोर धरून उभी होती. ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे हात करायला लावायची आणि पंजे लटपटतात का बघायची. तिसऱ्या दिवशी लटपट थांबली.

वॉर्डात सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न एकच होता. सिस्टर दारातूनच मोठ्याने विचारायच्या, "सर, किती वेळा झाली?" ज्या गोष्टीसाठी मी वर्गातून उठायला लाजत होतो, ती इथे चाळीस माणसांसमोर कागदावर चढत होती. शेजारच्या खाटेवर धर्माबादचे मिरचीचे व्यापारी होते, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलणारे. त्यांचंही यकृत माझ्याच मार्गाने गेलेलं. ते रोज सकाळी हात वर करून मला बोटं दाखवायचे, तीन म्हणजे तीन झाली. मीही दाखवायचो. माझी चार झाली की ते म्हणायचे, "सर, आज तुमी फस्ट क्लास!" त्या दिवसांत मी हसलो तो त्यांच्यामुळे. लाज अशी वॉर्डातच संपली, आणि ते फार बरं झालं.

सुनंदाला झालं काय ते कळत नव्हतं. दारू बंद, औषध चालू, मग डोकं कसं फिरलं? अर्चनाने स्टूल ओढलं आणि आम्हाला दोघांना शिकवलं. तिचा पहिलाच प्रश्न मला होता. "सर, मोठ्या आतड्यातले जिवाणू काय तयार करतात?"

"जीवनसत्त्वं," मी म्हणालो. एका मार्काचं उत्तर.

"अमोनियापण तयार करतात. तुम्ही ते नव्हतं शिकवलं, सिलॅबसला नव्हतं." ती सुनंदाकडे वळली. "मॅडम, पोटात अब्जावधी जिवाणू असतात, तुमच्या-माझ्यापण. ते जे काही विषारी बनवतात ते रक्तातून आधी यकृताकडे जातं आणि यकृत ते साफ करतं. दारूने दोन गोष्टी झाल्या. आतड्यातले चांगले जिवाणू कमी झाले, वाईट माजले. आणि आतड्याची भिंत झिरपायला लागली. म्हणजे सर दारू प्यायचे तेव्हा यकृताला एकटी दारूच मारत नव्हती, आतड्यातून गळणारा हा मालपण मारत होता. आता यकृतच थकलंय. ते अमोनिया अडवू शकत नाही. पोट साफ नसलं की तो साठतो आणि थेट डोक्यात जातो."

"मंजे ह्यांच्या डोक्यात पोटातले किडे बोलून राहिले होते?" सुनंदाने विचारलं.

"किडे नाही, पण त्यांचा धूर म्हणा. हे गोड औषध त्यासाठीच आहे. ते जुलाबाचं औषध वाटतं, पण ते अमोनियाला आतड्यातच धरून ठेवतं आणि बाहेर काढतं. आता सोबत जिवाणूंना आवरायला एक गोळीपण देतेय." मग ती माझ्याकडे वळली. "पण सर, डोस नीट चालू असताना असं व्हायला नको होतं. किती घेत होता?"

सुनंदा म्हणाली, "बराबर घेतात. बाटली मी बघते ना."

मी खोटं बोलू शकलो असतो. अर्चना माझी विद्यार्थिनी होती, ती माझ्याकडे बघत होती, आणि उत्तर तिला बहुधा आधीच माहीत होतं. मी बेसिनचं सांगितलं. दोन झाकणं, रोज.

सुनंदा उठून व्हरांड्यात गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चहा ठेवायची, पांघरूण नीट करायची, सिस्टरना आकडा सांगायची, मला काही नाही. तिसऱ्या दिवशी खाटेजवळ बसून चादरीकडे बघत म्हणाली, "दारू सुटली म्हनून मी लई खुश होते. तुमचं खोटं बोलायचं सुटलंच न्हाई, हे माझ्या ध्यानात आलं न्हाई."

आजारपणात मी दोनदा रडलो, त्यातलं हे एक. दुसरं आता सांगतो.

वैष्णवीची वही

घरी येऊन आठवडा झाला तेव्हा वैष्णवी आली. हदगावची पोरगी, लातुरात होस्टेलला राहून दुसऱ्यांदा मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी. फळांची पिशवी घेऊन आली होती आणि सोबत वही होती.

"सर, तब्येत कशी हाय? एक डाउट होता."

लातूरचे विद्यार्थी मास्तरला भेटायला दवाखान्यातही येतील, पण डाउट घेऊन. मी वही उघडली. त्या दिवसाची तारीख, लाल पेनाने मथळा, खाली सुवाच्य अक्षरात: यकृत ही शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी आहे. पुन्हा तेच. पुन्हा तेच. चौथ्यांदा तेच. मग पुढे: पित्त हे पित्ताशयाचे मामा आहेत. मग: यकृताला रजा मंजूर, लोह्याची बस साडेपाचला. या ओळीखाली पट्टीने दुहेरी रेघ मारली होती.

"ही रेघ कशाला?"

"तुम्ही दोनदा सांगितलं होतं सर. दोनदा सांगितलं की इम्पॉर्टंट असतं, तुम्हीच सांगितलं होतं."

"तुला विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं. पण तुम्ही सांगून राहिले होते, मंग आम्ही लिहून राहिलो. सगळ्यांनीच लिहिलं. ट्रिक असंल म्हणलं, पाठ करायची." तिने विचारलं, "सर, हे पेपरात येणार न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो. "खोडून टाक."

मी हसलो, तीही हसली. ती गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. दोनशे चाळीस वह्यांमध्ये ते आहे, पट्टीने रेघा मारून. आणि ते सांगत असताना मला तास छान चालल्यासारखा वाटत होता. मरणाची भीती मला निदानाच्या दिवशीही फारशी वाटली नव्हती. ही वाटली. मला नोकरीचीही तेवढी काळजी नव्हती. माझ्या तोंडातून शहाणपण निघतंय की धूर, हे मला कळणार कसं? पाय सुजला तर दिसतो. डोकं गेलं तर ते बघणारं डोकंही सोबतच गेलेलं असतं.

पाढे

क्लासला परत गेलो ते अटीवर. माझीच अट होती, की पाऊण तासाने मी दहा मिनिटं बाहेर जाणार आणि पोरांना कारण सांगणार. संचालकांनी तोंड वाकडं केलं, पण परीक्षा जवळ होती आणि माझ्या विषयाला दुसरा माणूस नव्हता. पहिल्या दिवशी सांगितलं, तेव्हा मागचे बाक थोडे खिदळले. चौथ्या दिवसापासून त्या दहा मिनिटांत पोरं झोपायला लागली. त्यांनाही सुट्टी हवीच होती, मागायची कोणाची हिंमत नव्हती एवढंच.

घरी सुनंदाने स्वतःची परीक्षा सुरू केली. मी बूट घालायला बसलो की ती पाढे विचारायची. ओळीने नाही, मधूनच. पंधरा-सोळाचे नाहीत, तेवीस-सत्तावीस-एकोणतीसचे. अर्चनानेच सांगितलं होतं की घरच्यांना बदल आधी कळतो. त्या पाढ्यांची मला भयंकर चीड यायची. पन्नाशी उलटलेला माणूस, शेकडो डॉक्टर घडवलेले, आणि रोज सकाळी दारात तिसरीच्या पोरासारखा उभा. मी उत्तर द्यायचो, पण धुसफुसत. "पोरांचे घे पाढे, माझे कशाला?" असं काहीतरी रोज व्हायचंच.

परीक्षेला आठ दिवस होते. उजळणीची बॅच होती आणि त्या दिवशी पूर्ण पचनसंस्था माझ्याकडे होती. झोप छान झाली होती. मला अगदी हलकं वाटत होतं. मी बूट घालत होतो.

"तेवीस साते?"

"एकशे एकसष्ट."

"तेवीस नव्वे?"

"दोनशे सात."

सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आज जाऊ नका."

"का? दोन्ही बरोबर आहेत."

"बराबर हायत. पन तुम्ही चिडला न्हाईत."

मला ते हास्यास्पद वाटलं. चिडलो नाही म्हणून रजा? दोनशे चाळीस पोरं बसलेली, आठ दिवसांवर परीक्षा, आणि मला इतकं छान वाटत होतं. हे सगळं मी तिला सांगणारच होतो. मग वाटलं, त्या दिवशीही छानच वाटत होतं. माझ्या डोक्याची खात्री माझ्याच डोक्याकडून घ्यायची, तिथेच तर घोळ आहे. आणि समोर जी बाई उभी होती, तिच्याशी मी पंचवीस वर्षं खोटं बोलत आलो होतो. पुराव्याशिवाय तिचं एकदा मानायला माझी काही हरकत नसावी.

मी बूट काढले. संचालकांना फोन करून सांगितलं की आज येत नाही. ते काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुनंदाने अर्चनाला फोन लावला, आणि अर्चनाने सांगितलं तसा औषधाचा जास्तीचा डोस दिला. सकाळभर माझे फेरे चालू राहिले, दुपारी गाढ झोपलो. अमोनिया चढला होता की नाही ते तपासलं नाही, त्यामुळे ती बरोबर होती की चूक हे मला आजही माहीत नाही.

संध्याकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. ती भाजी निवडत होती.

"एकोणतीस साते?"

"काय लावलंय हे सकाळ-संध्याकाळ!" मी पेपर आपटला. "मी काय तुझ्या शाळेतला पोरगा हाय का? दुसरं काही काम न्हाई का तुला?"

तिने मान वर केली नाही. शेंगा मोडत म्हणाली, "उद्या जा क्लासला."